एका लॉबस्टरवरून प्राणिशास्त्र शिकवणारे हक्सली

१८६१ च्या सुमाराची गोष्ट. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात विज्ञान शिकवणाऱ्या मंडळींपुढे एक व्याख्यान झाले. विषय होता प्राणिशास्त्राचा अभ्यास कसा करावा. वक्त्याने त्यासाठी हत्ती किंवा सिंह निवडला नाही. त्याने समोर ठेवला बाजारात मिळणारा एक साधा लॉबस्टर. हे वक्ते होते थॉमस हेन्री हक्सली. डार्विनच्या उत्क्रांतिवादाचे खंदे समर्थक म्हणून जग त्यांना ओळखते, पण नांगीवाल्या लॉबस्टरचा आणि त्याच्या गोड्या पाण्यातल्या भावंडाचा, म्हणजे क्रेफिशचा, त्यांनी केलेला अभ्यासही तितकाच मोलाचा आहे.

हक्सली यांचा जन्म ४ मे १८२५ रोजी लंडनजवळच्या ईलिंग येथे झाला. वडील गणिताचे शिक्षक होते, पण मुलाच्या वाट्याला शाळा आली ती जेमतेम दोन वर्षे. पुढचे सारे शिक्षण, अगदी जर्मन भाषासुद्धा, त्यांनी स्वतःच्या हिमतीवर मिळवले. तेरा-चौदाव्या वर्षी एक शवविच्छेदन पाहायला गेल्यानंतर ते बरेच दिवस आजारी पडले. अपचनाचा आणि उदासीचा त्रास त्यांना जन्मभर पुरला आणि त्याचे मूळ ते या प्रसंगात शोधत. पुढे लंडनच्या गरीब वस्तीत एका डॉक्टरच्या हाताखाली काम करताना भूक आणि रोगराई त्यांनी जवळून पाहिली. शिष्यवृत्ती मिळवून ते चेरिंग क्रॉस रुग्णालयात वैद्यक शिकले. १८४५ मध्ये, विशीत असतानाच, त्यांनी केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणातला एक थर शोधला. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

१८४६ मध्ये ते 'रॅटलस्नेक' या नौदलाच्या जहाजावर साहाय्यक शल्यचिकित्सक म्हणून निघाले. चार वर्षांच्या या सफरीत त्यांनी जेलीफिशसारख्या मऊ शरीराच्या सागरी प्राण्यांचा अभ्यास केला. सिडनीत त्यांची हेन्रिएटा हीथॉर्न यांच्याशी भेट झाली. मात्र पोटापाण्याची सोय होऊन लग्न व्हायला १८५५ साल उजाडले. १८६० च्या जूनमध्ये ऑक्सफर्डच्या गाजलेल्या सभेत त्यांनी बिशप विल्बरफोर्स यांच्यासमोर डार्विनची बाजू मांडली. त्यानंतर तीन महिन्यांतच त्यांचा थोरला मुलगा नोएल स्कार्लेट तापाने दगावला. त्याचे वय चार वर्षेही पुरे झाले नव्हते. त्या काळी या तापावर औषध नव्हते. या दुःखातून सावरत असतानाच्या काळातले हे लॉबस्टरवरचे व्याख्यान.

त्यात त्यांनी काय दाखवले? लॉबस्टरचे शरीर एकामागे एक जोडलेल्या खंडांचे बनलेले असते. मिशा, जबडे, चालण्याचे पाय, पोहण्याची वल्ही, शेपटीचा पंखा आणि त्या दणकट नांग्या, अशी उपांगांच्या १९ जोड्या त्याला असतात. कामे निरनिराळी, पण घडण मुळात एकच. शेपटीखालचे साधे वल्हे नीट समजून घेतले की तोच आराखडा कुठे जबडा झाला आणि कुठे नांगी, हे उलगडत जाते. असे का होते, हे त्या काळी माहीत नव्हते. कोणत्या खंडावर कोणते उपांग उगवावे हे हॉक्स नावाची जनुके ठरवतात, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समजले.

१८८० मध्ये त्यांचे 'द क्रेफिश' हे पुस्तक आले. एकच प्राणी घ्यायचा आणि त्याच्या आधाराने शरीररचना, शरीरक्रिया, वाढ, वर्गीकरण व भौगोलिक प्रसार असे सारे जीवशास्त्र शिकवायचे, ही त्याची मांडणी. कल्ल्यांची रचना आणि शेपटीच्या पहिल्या खंडावरची उपांगे तपासून त्यांनी जगभरातल्या क्रेफिशचे दोन गट पाडले: एक उत्तर गोलार्धातला, दुसरा दक्षिणेतला. दक्षिणेतल्या गटाला त्यांनी दिलेले पॅरास्टॅसिडी हे कुळनाम आजही वापरात आहे. दोन्ही गट समुद्रातून गोड्या पाण्यात स्वतंत्रपणे आले असावेत, असे मात्र त्यांना वाटत होते. डीएनएच्या अभ्यासातून वेगळे चित्र पुढे आले. सर्व क्रेफिशचा पूर्वज एकच असून नांगीवाले लॉबस्टर हे त्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक आहेत. प्राचीन महाखंड दुभंगला तेव्हा क्रेफिशचीही दोन घराणी झाली. हक्सली यांच्या काळी खंड सरकतात ही कल्पनाच रूढ नव्हती.

भारताच्या नद्यांत मूळचा क्रेफिश नाही. कोकणात मिळणारी शेवंड वेगळ्या गटातली. तिला लांब काटेरी मिशा असतात, पण लॉबस्टरसारख्या दणकट नांग्या नसतात.

हक्सली यांची मोठी चूकही मासेमारीतलीच. १८६० च्या दशकात ते मासेमारीच्या शाही आयोगावर होते आणि निर्बंध उठवण्याच्या बाजूने होते. नदीतला सॅमन आणि कालवे संपू शकतात, हे त्यांना मान्य होते. परंतु कॉड, हेरिंग, बांगडा यांसारखे समुद्रातले मोठे साठे माणसाच्या मासेमारीने संपणारे नाहीत, असे त्यांनी १८८३ च्या लंडनमधील मत्स्यप्रदर्शनात सांगितले. त्या काळची साधने पाहून केलेले ते विधान होते. पुढे वाफेवरची आणि नंतर डिझेलवरची जहाजे आली. १९९२ मध्ये कॅनडाला न्यूफाउंडलँडची कॉड मासेमारी बंद करावी लागली.

१८८१ पासून ते सरकारी मत्स्यनिरीक्षक होते. सॅमन माशांच्या बुरशीसारख्या रोगाचाही त्यांनी अभ्यास केला. १८८५ मध्ये प्रकृती ढासळल्याने त्यांनी सर्व पदे सोडली. इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोनियाच्या आजारपणानंतर २९ जून १८९५ रोजी ईस्टबोर्न येथे त्यांचे निधन झाले.

सॅमनच्या त्या रोगाच्या जातकुळीतलाच एक सूक्ष्मजीव आज ब्रिटनच्या मूळच्या, पांढऱ्या नांग्यांच्या क्रेफिशच्या मुळावर आला आहे. १९७० च्या दशकात पाळण्यासाठी आणलेल्या अमेरिकन क्रेफिशबरोबर तो आला. पाहुण्याला त्याचा फारसा त्रास होत नाही, मूळ रहिवासी मात्र मरतो. हक्सली यांच्या काळी ब्रिटनच्या ओढ्यांत सहज सापडणारा हा प्राणी आता धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे.