एकलव्यांचा गुरू : जॅक कर्बी

न्यूयॉर्क शहरात एसेक्स स्ट्रीट नावाचा एक रस्ता आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या भागात युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांची दाट वस्ती होती. तेथेच ऑस्ट्रियातून आलेले कुर्ट्झबर्ग नावाचे कुटुंब राहत असे. वडील कपड्यांच्या कारखान्यात मजुरी करीत. त्यांच्या घरी २८ ऑगस्ट १९१७ रोजी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव जेकब. हाच जेकब पुढे जॅक कर्बी या नावाने विख्यात झाला.

जेकबचे बालपण सुखाचे नव्हते. घरात दारिद्र्य होते आणि घराबाहेर गल्लीगल्लीतील मुलांच्या टोळ्यांच्या मारामाऱ्या चालत. इच्छा असो वा नसो, त्यांत त्यालाही उतरावे लागे. परंतु अशा धकाधकीतही त्याला एक छंद जडला होता. वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या चित्रमालिका समोर ठेवून तो त्यांतील चित्रे गिरवीत बसे. ती काढणाऱ्या थोर चित्रकारांना त्याने कधी पाहिले नव्हते. पण त्यांची चित्रे हेच त्याचे गुरू झाले. चौदाव्या वर्षी तो एका कलाशाळेत गेला खरा. पण तेथील सावकाश चालणारे शिक्षण त्याला मानवले नाही. आठवडाभरातच त्याने ती शाळा सोडली. द्रोणाचार्यांच्या पुतळ्यासमोर धनुर्विद्या शिकणाऱ्या एकलव्याप्रमाणे तो एकट्यानेच शिकत राहिला.

तरुणपणी त्याला चलच्चित्रे तयार करणाऱ्या एका संस्थेत नोकरी मिळाली. पॉपाय नावाचा खलाशी पडद्यावर पाऊल उचलतो, त्या एका पावलासाठी अनेक चित्रे काढावी लागतात. त्यांतील मधली मधली चित्रे काढण्याचे काम जॅककडे होते. एका लांबलचक रांगेत बसून काढलेली ती चित्रे त्याला वडिलांच्या कारखान्याची आठवण करून देत. म्हणून ती नोकरी सोडून तो चित्रकथांकडे वळला.

१९४० साली युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला होता. अमेरिका मात्र अद्याप युद्धात उतरली नव्हती. त्या वर्षाच्या अखेरीस जॅक व त्याचा मित्र जो सायमन यांनी कॅप्टन अमेरिका हा नवा वीर वाचकांपुढे आणला. राष्ट्रध्वजाच्या रंगांचा पोशाख घातलेला हा वीर पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावताना दिसत होता. अंक हातोहात खपले. हिटलरच्या अमेरिकेतील चाहत्यांनी या दोघांना धमक्या दिल्या; पण ते डगमगले नाहीत.

पुढे जॅकला स्वतःलाच रणांगणावर जावे लागले. १९४४ च्या ऑगस्टमध्ये तो फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला. त्याच्या चित्रकलेचा उपयोग सैन्यालाही झाला. सैन्याच्या पुढे जाऊन शत्रूच्या ठाण्यांचे नकाशे काढून आणण्याचे धोक्याचे काम त्याच्यावर सोपवण्यात आले. त्या वर्षीच्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने त्याचे पाय गोठले आणि ते कापण्याची वेळ आली. सुदैवाने पाय वाचले व जॅक घरी परतला.

त्याच्या आयुष्यातील सर्वांत भरभराटीचा काळ १९६१ साली सुरू झाला. लेखक स्टॅन ली याच्या सहकार्याने त्याने फॅन्टास्टिक फोर ही चित्रकथा काढली. पाठोपाठ हल्क, थॉर आणि एक्स-मेन आले. १९६६ साली ब्लॅक पँथर हा आफ्रिकी राजा आला. अमेरिकेच्या प्रमुख चित्रकथांमधील तो पहिला कृष्णवर्णीय महानायक होय. घराच्या तळघरातील लहानशा खोलीत जॅक रात्र रात्र काम करी. लेखकाशी कथेविषयी थोडी चर्चा झाली, की कोणत्या पानावर कोणता प्रसंग यावा हे तोच ठरवी आणि शिसपेन्सिलीने चित्रे रेखाटी. संवाद नंतर लिहिले जात आणि रेषांवर शाई दुसरे चित्रकार चढवीत.

त्याच्या चित्रांत विलक्षण जोम होता. वीराने मूठ उगारली, की ती चौकट फोडून वाचकाच्या अंगावर येत आहे असे वाटे. त्यासाठी तो पुढे आलेला हात मोठा काढी आणि मागचे शरीर लहान होत गेलेले दाखवी. आकाशातील प्रचंड शक्ती दाखवण्यासाठी तो लहानमोठ्या काळ्या ठिपक्यांचे पुंजके काढी. ही चित्रे पाहून हजारो मुलांनी हाती पेन्सिल घेतली. कधीकाळी जॅकने दुसऱ्यांची चित्रे गिरवली, तशीच ही मुले आता त्याची चित्रे गिरवू लागली.

एवढी कीर्ती मिळूनही जॅकच्या वाट्याला पुरेसा न्याय आला नाही. त्याने निर्माण केलेल्या वीरांवर त्याचा हक्क नव्हता. इतकेच नव्हे, तर त्याने हाताने काढलेली मूळ पानेही प्रकाशकांकडेच राहिली होती. १९८० नंतरच्या काळात त्याने ती परत मागितली, तेव्हा इतर चित्रकारांपेक्षा कितीतरी कडक अटी त्याच्यापुढे ठेवण्यात आल्या. वृद्ध जॅक व त्याची पत्नी रोझलिंड यांना याचे फार दुःख झाले. पण या वेळी ते एकटे नव्हते. त्याची चित्रे पाहत लहानाचे मोठे झालेले कित्येक जण आता स्वतःच नामवंत चित्रकार व लेखक झाले होते. सुमारे १५० जणांनी त्याच्या बाजूने निवेदनावर सह्या केल्या. अखेर १९८७ साली जॅकला सुमारे दोन हजार पाने परत मिळाली. त्याने काढलेल्या हजारो पानांचा तो एक लहानसा भागच होता. तरीही न पाहिलेल्या शिष्यांनी गुरूसाठी दिलेला हा लढा व्यर्थ गेला नाही.

६ फेब्रुवारी १९९४ रोजी कॅलिफोर्नियात जॅक कर्बीचे निधन झाले. त्याच वर्षी एका चाहत्याने केवळ त्याच्या कलेला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. २०१२ साली त्याच्या नातीच्या पुढाकाराने एक सुंदर उपक्रम सुरू झाला. जॅकच्या जन्मदिवशी, २८ ऑगस्टला, ठिकठिकाणचे चित्रकार सकाळी उठून त्याच्या स्मरणार्थ चित्रे काढू लागले. त्यांत नामवंत होते, तसेच हौशीही होते. कोणी कॅप्टन अमेरिका काढी, कोणी थॉर, तर कोणी चित्रफलकापुढे बसलेला जॅकच रेखाटी.

या उपक्रमातून पैसाही उभा करण्यात आला. तो आजारी, वृद्ध व निराधार झालेल्या चित्रकथाकारांच्या मदतीसाठी होता. आपल्या श्रमाचे पुरेसे मोल ज्याला हयातीत मिळाले नाही, त्याच्या नावाने इतर गरजू कलावंतांच्या घरी औषध व अन्न पोहोचावे, हीच त्याच्या एकलव्यांनी वाहिलेली गुरुदक्षिणा होय.