मखदूम अली माहिमी
मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे मुंबईतील माहीम येथील सूफी संत आणि इस्लामी धर्मशास्त्राचे पंडित होते. किनारपट्टीवर स्थायिक झालेल्या अरब वंशाच्या नवाइत समाजात त्यांचा जन्म झाला. गुजरातच्या सुलतानांच्या अमलात ते माहीमचे काझी होते. इब्न अरबीच्या ‘वहदत-उल-वुजूद’ या अद्वैताशी जवळीक असलेल्या मताचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्यांचे ‘तब्सीर-उर-रहमान’ हे अरबी भाष्य भारतात लिहिल्या गेलेल्या आरंभीच्या कुराणभाष्यांपैकी एक मानले जाते.

लोकस्मृतीने मात्र या पंडिताला भाष्यकार म्हणून नव्हे, तर आईचा मुलगा म्हणून जपले. आख्यायिकेनुसार एका रात्री आईने पाणी मागितले. ते आणेपर्यंत तिला झोप लागली. तिची झोप न मोडता मुलगा पेला हाती धरून पहाटेपर्यंत उशाशी उभा राहिला आणि तिच्या आशीर्वादाने संतपदाला पोहोचला. मराठी वाचकाला येथे पुंडलिक आठवावा, हे साहजिकच. दर्ग्यात त्यांच्या शेजारीच आईची कबर आहे.

दर्ग्यावर सर्व धर्मांचे भाविक येतात. साधारणपणे डिसेंबरात भरणाऱ्या माहीमच्या दहा दिवसांच्या जत्रेत पहिल्या संदलाचा मान मुंबई पोलिसांचा असतो. माहीम पोलीस ठाणे मखदूमबाबांच्या घराच्या जागेवर उभे आहे, अशी श्रद्धा त्यामागे सांगितली जाते.