शिवार्पण राज्य, चोख हिशेब

महाशिवरात्रीच्या पुण्यपर्वावर काशी, सोमनाथ आणि घृष्णेश्वर यांचे स्मरण होताच पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे नाव ओठांवर येते. उत्तररंगात आम्ही त्यांचे आख्यान लावतो, तेव्हा श्रोते त्यांनी बांधलेली देवळे मोजतात. आम्हांस त्या देवळांइतकाच त्यांमागील हिशेबही पूज्य वाटतो.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावी १७२५ साली माणकोजी शिंदे यांच्या घरी जन्मलेली ही कन्या मल्हारराव होळकरांची सून झाली. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सती जाण्यास सिद्ध झालेल्या सुनेला मल्हाररावांनी मागे वळविले आणि दप्तर, वसुली, तोफखाना यांचा कारभार तिच्या हाती दिला. १७६६ साली मल्हारराव गेले, पुढल्याच वर्षी पुत्र मालेराव गेला.

गादी रिकामी दिसताच दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला. मूल गादीवर बसावे आणि सत्ता आपल्या हाती यावी, हा त्यातील हेतू. राघोबादादाही फौज घेऊन निघाले. एक पत्नी आणि दुसरी माता या दोन्ही नात्यांनी गादीचा अधिकार आपलाच आहे, असे बाईंनी ठणकावले व लढाईची सिद्धता केली. माधवराव पेशव्यांनी त्यांचा पक्ष उचलून धरला आणि दादा माघारी फिरले. सेनेचा भार तुकोजी होळकरांवर सोपवून बाईंनी नर्मदातीरी महेश्वरास राजधानी केली. तेथे त्या पडद्याविना दरबारी बसून रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकत.

राज्य शिवाचे, आपण केवळ कारभारी, या भावनेने त्यांनी आज्ञापत्रांवर श्रीशंकराचे नाव घातले. तो कारभार किती चोख होता पाहा. सरकारी खजिना वेगळा आणि सासूबाई गौतमाबाईंकडून आलेली खासगी वेगळी. १७८० च्या सुमारास काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे राहिले, १७८३ साली सोमनाथास नवे देऊळ झाले; गयेचे विष्णुपद, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे झाली. या दानधर्माचा मुख्य आधार ती खासगी होती. रयतेच्या कराचा पैसा राज्यकारभारासाठी, पुण्यकर्म स्वतःच्या गाठीचे, हा त्यांचा दंडक.

१७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले. कन्या मुक्ताबाई सती निघाली. ज्यांना सासऱ्यांनी वळविले होते, त्यांना आपल्या लेकीला वळविता आले नाही. हे दुःख उरी घेऊनही त्या पुन्हा कारभारास बसल्या आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवीपर्यंत राज्य सांभाळीत राहिल्या.

भक्तीने कर्तव्य सुटत नाही, उलट अधिक शुद्ध होते, हे या चरित्राचे सार. आज पिंडीवर बेल वाहताना आपले दान आपल्याच कष्टाचे आहे ना, एवढे प्रत्येकाने मनाशी पाहावे. अशी पूजा भोळ्या शंकरास खचित पावेल.