औषध आणि गाणे जाणणारी मठवासिनी

वैद्य आणि गवई यांचा संबंध काय, असे विचारले तर गळा बसला की गवई वैद्याकडे जातो, एवढेच उत्तर आपल्याकडे मिळेल. पण साडेआठशे वर्षांपूर्वी जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी हिल्डेगार्ड नावाच्या एक विदुषी होऊन गेल्या. या दोन्ही विद्या त्यांच्या ठायी एकत्र नांदत होत्या.

त्यांचा जन्म १०९८ मधला, घराणे सरदारी. आईबापांनी मुलगी देवाला वाहिली. १११२ मध्ये डिसिबोडेनबर्गच्या मठात युट्टा या तपस्विनीबरोबर त्यांचा एकांतवास सुरू झाला. ११३६ मध्ये युट्टा वारल्यावर तेथील स्त्रियांनी त्यांनाच प्रमुख निवडले. पुढे ११५० च्या सुमारास, मठाधिपतींचा विरोध असतानाही, त्यांनी बिंगेनजवळ रूपर्ट्सबर्ग येथे स्वतंत्र मठ उभारला.

त्या काळी युरोपातील वैद्यकी बरीचशी मठांच्या आश्रयाने चाले. आजाऱ्यांची खोली, औषधींची बाग आणि जुन्या वैद्यकग्रंथांच्या नकला हे सारे तेथेच असे. हिल्डेगार्ड यांचे वैद्यकलेखन ‘फिजिका’ आणि ‘कॉझे एट क्युरे’ या दोन लॅटिन ग्रंथांत आज आढळते. फिजिकाचे भाग नऊ. वनस्पती, वृक्ष, रत्ने, मासे, पक्षी, धातू अशा प्रत्येकाचे गुण त्यांत उष्ण की शीत, याच्या आधारे सांगितले आहेत. शरीरात चार रस मानीत. आपल्या त्रिदोषांची आठवण व्हावी. बडीशेपेने मन प्रसन्न राहते व पचन सुधारते, असे त्या सांगतात. रत्नांनी रोग हटतात असेही लिहितात. आजचे शास्त्र ते मानीत नाही. मात्र वनस्पतींची पुष्कळ नावे लॅटिन मजकुरात जर्मन बोलीतच येतात. यावरून ही विद्या केवळ पोथीतली नव्हती, असे मला वाटते.

वनस्पतीत, देहात आणि आत्म्यात एकच हिरवी जीवनशक्ती वाहते, हा त्यांचा सिद्धांत. सत्तरांहून अधिक गीतांच्या चालीही त्यांनी बांधल्या. त्या मंद्रापासून तारापर्यंत अशा धावतात की, गाणे शिकविणाऱ्या मला प्रथम त्यांतला दमसासच जाणवतो.

११७८ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांची कसोटी लागली. पूर्वी धर्मबहिष्कृत झालेल्या एका सरदाराला त्यांच्या मठाच्या भूमीत पुरले होते. प्रेत उकरून काढा, असा माइन्त्सच्या धर्माधिकाऱ्यांचा हुकूम आला. मरणापूर्वी त्याला क्षमा मिळाली होती, म्हणून बाईंनी नकार दिला. शिक्षा म्हणून मठातील गायन बंद झाले. दरबारात सुतक पडले की तंबोरे गवसणीत जात, असे माझे दरबारी गवई वडील सांगत. पण सुतकाला मुदत असते. या बंदीला ती नव्हती. हिल्डेगार्ड यांनी धर्माधिकाऱ्यांना लिहिले की, पतनापूर्वी मनुष्याचा जो स्वर होता त्याची आठवण गाण्याने जागी राहते. ते बंद करणाऱ्यांनी आपली जबाबदारी ओळखावी. औषधाइतकेच गाणेही त्यांना माणसाच्या स्वास्थ्यासाठी आवश्यक वाटत होते.

मार्च ११७९ मध्ये बंदी उठली. मठ पुन्हा गाऊ लागला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला बाईंनी देह ठेवला.