देवाचा सेवक मोशे

ज्युबिलीचा मूळ नेम, म्हणजे ५०वें वर्ष पवित्र मानण्याचा नेम, परमेश्वरानें मोशेच्या हातून इस्राएल लोकांस लावून दिला. म्हणून ह्या आनंदाच्या प्रसंगीं त्या थोर पुरुषाचें चरित्र थोडक्यांत सांगावें, असें आम्हांस वाटलें.

मिसर देशांत लव्हाळ्याच्या पेटाऱ्यांत घालून नदीकांठीं ठेविलेलें तें लेंकरूं फारोच्या कन्येनें आपलेंसें केलें. पुढें वयाच्या ८०व्या वर्षीं मोशे फारोपुढें उभा राहिला व आपल्या लोकांस दास्यांतून घेऊन निघाला. रानांत ४० वर्षें त्यानें त्यांचीं गाऱ्हाणीं ऐकिलीं. त्यांनीं सोन्याचें वासरूं पूजिलें, तेव्हां त्यांच्यासाठीं देवाजवळ त्यानेंच पदर पसरला.

परंतु कादेश येथें पाण्याविना लोक कुरकुरूं लागले, तेव्हां खडकाशीं बोलावें अशी देवाची आज्ञा असतां मोशेनें संतापून काठीनें त्यावर दोन वेळां प्रहार केला. देवाचें पावित्र्य लोकांपुढें राखलें गेलें नाहीं. शासन कडक झालें: वचनदत्त देशांत लोकांस नेण्याचा मान त्यास व अहरोनास मिळावयाचा नव्हता. मोशेनें पुढें विनवणी केली. तरी निर्णय फिरला नाहीं.

प्रिय वाचकहो, येथें मन थबकतें. एवढी सेवा, आणि एका अपराधास एवढें शासन? पण नीट पाहिलें म्हणजे दिसतें कीं, त्याच घटकेस खडकांतून मुबलक पाणी वाहिलें. सेवकाच्या अपराधापायीं देवानें लोकांस व गुरांस तहानेलें ठेविलें नाहीं. सेवकासही टाकिलें नाहीं. त्याचें काम चालविण्यास यहोशवा दिला. नबो डोंगरावर नेऊन सारा देश त्यास डोळे भरून दाखविला. तेथेंच मवाब देशांत १२० वर्षांचा होऊन मोशे मरण पावला, आणि परमेश्वरानें स्वतः त्यास मूठमाती दिली. लोकांनीं ३० दिवस शोक केला.

शुभवर्तमान सांगतें कीं, डोंगरावर प्रभु येशूचें रूपांतर झालें, तेव्हां एलियासह मोशेही तेथें तेजानें प्रगट झाला. तो डोंगर गालीलांतील ताबोर, अशी ख्रिस्तसभेची जुनी परंपरा आहे. यार्देन ओलांडण्याची ज्यास मनाई झाली, तो अखेर त्या देशांत खुद्द तारणाऱ्याजवळ उभा राहिला.

आम्हांपैकीं कोणी जुन्या पापाचें फळ आजही भोगीत असेल. पापनिवेदन करूनही तें फळ टळलें नाहीं, म्हणून देवानें आपणांस सोडिलें, असें त्यानें समजूं नये. मोशेचें स्मरण करून त्यानें धीर धरावा, हीच आमची प्रार्थना.