जमशेटजींचे नागपूर

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे नाव निघाले की जमशेदपूरचा पोलाद कारखाना आणि बंगलोरची विज्ञानसंस्था डोळ्यांसमोर येते. वस्तुतः यांपैकी एकही पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. १९०४ च्या मे महिन्यात ते जर्मनीत वारले तेव्हा पहिल्यासाठी अद्याप खनिजच शोधले जात होते, तर दुसरी सरकारी पत्रव्यवहारात अडकून पडली होती. ते खरोखर कसे होते हे पाहावयाचे तर नागपुरास यावे लागते.

१८३९ साली नवसारीच्या पुरोहित कुळात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बाहेर पडून ते वडिलांच्या पेढीत शिरले. या पेढीचा चीनशी कापसाचा, आणि अफूचाही, व्यापार होता. ते लपविण्यात अर्थ नाही. पुढे गिरणी काढण्यासाठी सर्व जण मुंबईकडे धावत असता या गृहस्थांनी नागपूर निवडले. वऱ्हाडचा कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि रेल्वे दाराशी, हा साधा हिशेब होता. तो अनेकांना पटला नाही. एका स्थानिक सावकाराने तर जमिनीत सोने पुरणाऱ्यास आपण भांडवल देणार नाही असे सांगितले. पुढे त्यालाच आपली चूक कबूल करावी लागली म्हणतात. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी सम्राज्ञी झाल्याच्या दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. कारभार सोपविला तो रेल्वेच्या मालखात्यातील बेझनजी मेहतांवर, ज्यांना सूतकताईचा गंधही नव्हता! माणूस पारखण्याची जमशेटजींची ही रीत आम्हांस त्यांच्या सर्व देणग्यांहून मोठी वाटते.

या गिरणीत कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी निघाला आणि १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधी. सरकारचा तसा कायदा १९५२ साली झाला. अन्नछत्रे आणि धर्मशाळा बांधणाऱ्या दात्यांची आमच्याकडे कधीच वाण नव्हती. पण आपल्याच कामगाराच्या म्हातारपणाची तरतूद आपला नफा मोजण्यापूर्वी करावी, हे कितीजणांस सुचले? १८९२ मध्ये त्यांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी काढला, तोही दान म्हणून नव्हे, परतफेडीच्या कर्जाच्या रूपाने. विद्यार्थ्याचा स्वाभिमान राखणारा दाता विरळाच.

पोलादाची ओढ त्यांना लागली तीही आमच्याच प्रांतात, चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या खनिजाने. पण तेथे योग्य कोळसा नव्हता. पुत्र दोराबजी नागपुरात निराश होऊन बसले असता संग्रहालयातील भूगर्भाच्या नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यातील लोखंड दिसले. शोधाची दिशा बदलली, आणि तिकडची वाट भंडारा आणि तुमसर रोड मागे टाकूनच जात होती. अखेर कारखाना उभा राहिला तो दूर साकचीस. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज निघते, तेही पोलादास लागणारेच. नागपूरची ती गिरणी २००२ साली कायमची बंद पडली.