विश्लेषण : रेडिओ दुरुस्त करणारा किंग टबी जगभरच्या डीजेंचा गुरू कसा झाला?

गोव्यात २०१६ पासून ‘गोवा सनस्प्लॅश’ हा रेगे संगीताचा महोत्सव भरतो. जगात कुठेही रेगे महोत्सवाला जा, तिथे सहसा दोन प्रकारच्या जागा दिसतात. एकीकडे नेहमीसारखा मंच आणि त्यावर ड्रम, बास गिटार, गायक असा अख्खा बँड. दुसरीकडे मंच नसतोच. स्पीकरच्या खोक्यांची उंच भिंत असते आणि टेबलामागे एक-दोन माणसं बटणं फिरवत उभी असतात. गाणं चालू असतं आणि अचानक गायकाचा आवाज गायब होतो. उरतो फक्त बास, तोही कानांपेक्षा छातीत जास्त वाजणारा. मग मघाच्या गाण्यातला एखादाच शब्द परत येतो आणि घुमत घुमत लांब निघून जातो.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, यंत्र बिघडलंय. पण हे सगळं ठरवून केलेलं असतं. या प्रकाराला ‘डब’ म्हणतात. तो ज्याच्या हातून घडला, तो गायक नव्हता आणि वादकही नव्हता. किंग्स्टन शहरात रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा तो एक कारागीर होता. त्याचं नाव ऑस्बोर्न रडक. जग त्याला किंग टबी म्हणून ओळखतं.

किंग टबी कोण होता?

टबीचा जन्म २८ जानेवारी १९४१ चा, जमैकाची राजधानी किंग्स्टनमधला. ‘टबी’ म्हणजे गोलमटोल, पण हा माणूस अंगाने सडपातळ होता. बालपण मध्य किंग्स्टनमध्ये गेलं. पुढे कुटुंब शहराच्या पश्चिमेला वॉटरहाउस या गरीब वस्तीत राहायला आलं आणि टबीचं उरलेलं सगळं काम याच वस्तीत झालं. इलेक्ट्रॉनिक्स शिकून त्याने दुरुस्तीचं दुकान चालवलं. रेडिओ, ज्यूकबॉक्स, अॅम्प्लिफायर, जे बिघडेल ते त्याच्याकडे यायचं. ट्रान्सफॉर्मर तर तो स्वतः गुंडाळून द्यायचा.

गिऱ्हाइकांना तोटा नव्हता, कारण किंग्स्टनमध्ये तेव्हा ‘साउंड सिस्टीम’चं राज्य होतं. घरी रेकॉर्ड प्लेयर घेणं किंवा बँडच्या कार्यक्रमाचं तिकीट काढणं बहुतेकांना परवडत नव्हतं. मग कुणीतरी मोकळ्या आवारात मोठाले स्पीकर लावायचं, रेकॉर्ड वाजवायचं आणि प्रवेशाचे व बिअरचे पैसे कमवायचं. मिरवणुकीतली डीजेची भिंत पाहिलेल्या आपल्या वाचकांना हे चित्र नव्याने समजावून सांगायला नको. या सिस्टीमवाल्यांमध्ये जीवघेणी स्पर्धा असे. पाऊस आणि दमट हवा यंत्रं खराब करायची, उरलेलं प्रतिस्पर्ध्यांची माणसं करायची. दोन्ही प्रकारची मोडतोड टबीच्या टेबलावर यायची.

दुसऱ्यांच्या यंत्रांची अशी नस सापडल्यावर त्याने स्वतःची सिस्टीम उभी केली : ‘टबीज होम टाऊन हाय-फाय’. १९६० चं दशक संपत आलं तेव्हा ती शहरातल्या नावाजलेल्या सिस्टीममध्ये गणली जात होती. बाससाठी व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर आणि वरच्या स्वरांसाठी ट्रान्झिस्टरचे, अशी विभागणी त्याने केली होती. आवाज मोठा होताच, पण स्वच्छही होता. चालू कार्यक्रमात आवाजाला प्रतिध्वनी देण्याची सोयही त्याने करून ठेवली होती.

जमैकात ‘डीजे’ म्हणजे वेगळाच माणूस

इथे एक गोंधळ आधीच दूर करायला हवा. आपण रेकॉर्ड वाजवणाऱ्याला डीजे म्हणतो. जमैकात त्याला ‘सिलेक्टर’ म्हणतात. डीजे म्हणजे माइक हातात घेऊन त्या संगीतावर तालात बोलणारा, लोकांना चेतवणारा माणूस. पुढे अमेरिकेत ज्याला रॅप म्हटलं गेलं, त्याचा हा थोरला भाऊ.

टबीच्या सिस्टीमवर यू-रॉय नावाचा डीजे होता. पण गाण्यात गायक आधीच गात असेल, तर डीजेने बोलायचं कुठे? याचं उत्तर जवळच्या स्पॅनिश टाऊनमध्ये, एका चुकीतून मिळालं.

साउंड सिस्टीमवाले बाजारात न आलेल्या गाण्यांच्या खास प्रती कापून घेत. मऊ लेप दिलेली ही तबकडी, म्हणजे ‘डबप्लेट’, काही वेळा वाजवली की झिजायची. पण तेवढ्या वेळात ती दुसऱ्या कुणाकडे नसायची आणि तिची किंमत त्यातच होती. रूडी रेडवुड या सिस्टीमवाल्याने ड्यूक रीड या निर्मात्याच्या ‘ट्रेझर आइल’ स्टुडिओतून अशी एक प्रत कापून घेतली. कापणाऱ्याकडून त्यात गायकांचा आवाज घालायचा राहिला. रेडवुडने ती फेकून दिली नाही. त्याने आधी मूळ गाणं वाजवलं आणि मग ही बिनआवाजाची प्रत लावली. गर्दीने मोकळ्या जागेत स्वतःच गायला सुरुवात केली.

निर्माता बनी ली तिथे हजर होता. त्याने हा किस्सा टबीच्या कानावर घातला. टबी तोवर ड्यूक रीडकडेच तबकड्या कापण्याचं काम करू लागला होता, म्हणजे टेप आणि यंत्र दोन्ही त्याच्या हाताशी होती. आवाज सरसकट काढून टाकण्यापेक्षा त्याला पुढची गोष्ट सुचली. आवाज थोडा येऊ द्यायचा, मग तोडायचा, मग पुन्हा आणायचा. मधल्या मोकळ्या जागेत यू-रॉय बोलू लागला. १९७० मध्ये ड्यूक रीडने यू-रॉयला स्टुडिओत नेलं आणि जमैकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या तीन जागांवर एकाच वेळी यू-रॉयच तीनदा होता.

न्हाणीघरात गायक, झोपायच्या खोलीत यंत्रं

१९७१ च्या सुमारास टबीने ड्रमिली अॅव्हेन्यूवरच्या घरातच स्टुडिओ थाटला. घर कसलं, छोटंसंच. पुढच्या खोलीत यंत्रं बसवली आणि न्हाणीघराची गायकासाठी खोली केली. ड्रम आणि बँड बसवायला जागाच उरली नाही.

मला या कथेतला सगळ्यात महत्त्वाचा धागा हाच वाटतो. ज्या स्टुडिओत बँड मावत नाही, तिथे बँडचं रेकॉर्डिंग होणार कसं? निर्माते दुसऱ्या मोठ्या स्टुडिओत वादकांकडून गाणं वाजवून घेत आणि टेप घेऊन टबीकडे येत. टबीच्या हातात नवीन सूर कधी आलेच नाहीत. दुसऱ्यांनी वाजवलेलं संगीत घेऊन त्यातून काय कमी करायचं, एवढाच निर्णय त्याच्याकडे होता.

१९७२ मध्ये बनी लीच्या मध्यस्थीने ‘डायनॅमिक साउंड्स’ या मोठ्या स्टुडिओचा जुना, चार ट्रॅकचा एमसीआय कन्सोल टबीने घेतला. त्या स्टुडिओने नवी यंत्रं घेतली होती, हा त्यांच्यासाठी अडगळीतला माल होता.

तो बटणांशी नेमकं काय करायचा?

चार ट्रॅक म्हणजे टेपवर शेजारी शेजारी चार पट्ट्या. एकीवर ड्रम आणि बास, दुसरीवर गिटार-ऑर्गन, तिसरीवर गायक, अशी साधारण वाटणी. प्रत्येक पट्टीचा आवाज सरकत्या फेडरने कमी-जास्त करता येतो. टबीने वाद्यांच्या जागी हे फेडरच वाजवले.

कन्सोलवर हाय-पास फिल्टरचं एक मोठं बटण होतं. हा फिल्टर खालचे, जाड स्वर अडवतो आणि वरचे बारीक स्वर जाऊ देतो. बटण टप्प्याटप्प्याने वर नेलं की ड्रम पत्र्यासारखा चिरचिरत वर चढतो. खाली आणलं की बास परत कोसळतो. हाय-पास फिल्टरचा आलेख काढून सबमिशन उरकणाऱ्या इंजिनीअरांना (हे लिहिणाराही त्यातलाच) याचा असा उपयोग कुणी सांगितला नव्हता. आजच्या डीजेच्या मिक्सरवर हे बटण असतंच.

दुसरी युक्ती टेपच्या प्रतिध्वनीची. टेप मशीनमध्ये आवाज नोंदवणारं हेड आणि ऐकवणारं हेड यांत थोडं अंतर असतं. टेप सेकंदाला साडेसात इंच वेगाने धावत असेल आणि हे अंतर दोन इंच असेल, तर आवाज पाव सेकंदाहून किंचित उशिरा परत येतो. परत आलेला आवाज पुन्हा मशीनमध्ये पाठवला की तो पुन्हा येतो, पुन्हा पुन्हा येतो आणि हळूहळू विरत जातो. तोच तो घुमत लांब जाणारा शब्द.

तिसरं यंत्र स्प्रिंगचं. त्यात आवाजाची कंपनं धातूच्या स्प्रिंगमधून जातात आणि मोठ्या दालनात असल्याचा भास होतो. टबी कधी कधी त्या डब्यालाच धक्का मारायचा. आत स्प्रिंग थडथडायची आणि गाण्यात वीज कोसळल्यासारखा आवाज व्हायचा. दुरुस्तीवाल्यालाच सुचावी अशी गोष्ट. बाकीचे जपून ठेवायचे ते यंत्र तो ठोकून वाजवायचा.

हे सगळं गाणं चालू असताना, एका दमात. चुकलं तर मागे जायची सोय नाही, टेप पहिल्यापासून लावायची. त्यामुळे एकाच गाण्याचे त्याने केलेले दोन डब सारखे निघत नसत.

डबचा शोध त्याने एकट्याने लावला, असं म्हणणं मात्र बरोबर नाही. रँडीज स्टुडिओत एरल थॉम्पसन त्याच काळात असेच प्रयोग करत होता. निर्माता ली पेरीचा डोक्यातला गोंधळ आणि टबीची शिस्त एकत्र येऊन १९७३ मध्ये ‘ब्लॅकबोर्ड जंगल डब’ हा अल्बम झाला. तोंडाने फुंकून वाजवायचं छोटं कीबोर्ड, मेलोडिका, वाजवणाऱ्या ऑगस्टस पाब्लोबरोबर १९७६ चा ‘किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाऊन’ आला. नवख्याने ऐकायला सुरुवात इथून करावी. अल्बमच्या नावातच मिक्सिंग करणाऱ्याचं नाव, हा तेव्हाच्या जगात नवलाचा प्रकार होता.

पैसे कुणाला मिळाले?

इथे कथा जरा कडवट होते. डब लोकप्रिय व्हायचं एक कारण कला होतं, दुसरं होतं हिशेब. छोट्या तबकडीला दोन बाजू. मागच्या बाजूसाठी वेगळं गाणं करायचं तर वादकांना पुन्हा पैसे द्यावे लागणार. त्याऐवजी त्याच गाण्याचा डब मागे टाकला की काम भागतं. एकच टेप निर्माता अनेकदा विकू शकत होता. नव्या गायकाचा आवाज, नवा डीजे, नवा डब, पण ड्रम-बास वाजवणाऱ्याला मिळायचे ते पहिल्या दिवसाचेच पैसे. टबीलाही मोबदला मिळायचा तो कामाचा. टेपची मालकी निर्मात्याची.

कायदाही मदतीला नव्हता. जमैका १९६२ मध्ये स्वतंत्र झाला, पण कॉपीराइटसाठी ब्रिटिशांचा १९११ चा कायदाच चालू राहिला. फेडर वाजवून बनलेल्या संगीताचा कर्ता कोण, हा प्रश्न त्या कायद्याच्या स्वप्नातही नव्हता.

शिष्याने गुरूला मागे टाकलं

सत्तरच्या दशकाच्या मध्यात पोलिसांनी एका कार्यक्रमावर धाड घालून टबीच्या सिस्टीमची मोडतोड केली आणि होम टाऊन हाय-फायचे दिवस संपल्यातच जमा झाले. वस्तीही धुमसत होती. दोन राजकीय पक्षांच्या सशस्त्र टोळ्यांनी किंग्स्टनचे मोहल्ले वाटून घेतले होते. १९८० या निवडणुकीच्या वर्षात शेकडो माणसं मारली गेली. टबी स्टुडिओत राहिला. नीटनेटका, मोजकं बोलणारा, जॅझ ऐकणारा.

याच खोलीत फिलिप स्मार्ट, प्रिन्स जॅमी आणि ‘सायंटिस्ट’ नावाने गाजलेला हॉप्टन ब्राऊन ही पोरं तयार झाली. हळूहळू मिक्सिंग त्यांच्यावर सोपवून टबी पुन्हा सोल्डरिंगकडे वळला.

१९८५ मध्ये जॅमीने वेन स्मिथच्या आवाजात ‘अंडर मी स्लेंग टेंग’ काढलं. त्यातला ताल बँडने वाजवलेला नव्हता. कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डमध्ये तो तयारच होता. तो ताल बसवणारी जपानी अभियंता ओकुदा हिरोको हिने संगीत महाविद्यालयात प्रबंध लिहिला होता तो रेगेवरच. म्हणजे जमैकाचं संगीत जपानला जाऊन, बटणात बसून परत आलं. या गाण्यानंतर वादकांची गरजच घटली आणि टेप, फेडर, स्प्रिंग एका झटक्यात जुने वाटू लागले.

टबी चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्याने हार मानून दुकान बंद केलं नाही. मोठा नवा स्टुडिओ बांधला, ‘फायरहाउस’सारखी स्वतःची लेबलं काढली आणि त्याच वर्षी अँथनी रेड रोझचं ‘टेम्पो’ हे यंत्रांवरचं गाणं गाजवून दाखवलं. आता टेपची मालकीही त्याची होती. बाकी सगळ्यांपेक्षा हा बदल मोठा होता.

६ फेब्रुवारी १९८९

त्या रात्री वॉटरहाउसमधल्या स्टुडिओचं काम आटोपून टबी ड्युहेनी पार्कमधल्या घरी परतला आणि दारातच त्याच्यावर गोळी झाडली गेली. लुटीसाठी खून झाला असावा, असं मानलं गेलं. मारेकरी सापडला नाही. टबी अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि स्वतःच्या मालकीचा मोठा स्टुडिओ हाती येऊन त्याला जेमतेम चार वर्षं झाली होती.

जमैकाचा स्वतःचा कॉपीराइट कायदा आला तो १९९३ मध्ये. ड्रमिली अॅव्हेन्यूच्या त्या छोट्या खोलीतून बाहेर पडलेल्या टेप तोवर लंडन-पॅरिसच्या कंपन्यांच्या हाती गेल्या होत्या. त्यातून नवे संग्रह आजही निघतात आणि मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत नाव असतं ते टबीचं.